हळद लागलेला लॅपटॉप

खंडेनवमी, संध्याकाळ. तेलगाव.

टायपिंगच्या सरावासाठी दाजींचा लॅपटॉप मागून आणलाय. आज आईने खुरप्या-विळ्यांसोबत तोही पूजेला मांडला. म्हणाली, "हत्यारच हाय की ते बी." बटणांवर हळद सांडली, तशी ती चालू लॅपटॉपवरच ओल्या पदराने पुसत बसली. काय दाबलं गेलं कोण जाणे, स्क्रीन उलटी झाली. अक्षरांचे पाय वर.

दुपारपासून ती सरळ करायचीच खटपट चालली होती. दाजींना फोन करू? मग जावयाची वस्तू बिघडवली म्हणून आई जेवायची नाही. तिच्यावर चिडू तरी कशी, पूजेत त्याला हात जोडले होते तिने. बाण उजवीकडे न्यावा तर डावीकडे पळायचा. आणि बटणांच्या फटीतली ती हळद सारखी डोळ्यांत खुपते.

शेवटी सेटिंगमध्ये शोधून शोधून स्क्रीन सरळ केली. जीव भांड्यात पडला.

आई म्हणाली, "बघ, पूजेचाच गुन. पर फटीत लई हळद राहिली की गं." आणि पदर ओला करूनच आली.

मी झाकण लावलं. त्यावरच वही ठेवून हे लिहितेय. दाजी उद्या लॅपटॉप न्यायला येतील. तोवर इथून उठायची सोय नाही.