साक्षीचा खांब

२ डिसेंबर १९७४
कशेळ्याला एसटीतून उतरले आणि मन हलकं झालं. दिराच्या घरातून सुटले एकदाची. टेकडीखाली मुंबईच्या शेटचा बंगला होतोय. शेजारी भिक्खूंच्या जुन्या विहाराचा पडका चौथरा आहे. पायाच्या खड्ड्यात जुनं काही निघालं तर काम थांबवायचं आणि वहीत लिहायचं, ही माझी नोकरी. पुरातत्त्व खात्याचे साहेब दहा मिनिटं आले. बुटाला माती लागू नये म्हणून फळीवर उभे राहून त्यांनी मला इतिहास सांगितला. तो मी आधीच वाचला होता, त्यांच्यापेक्षा नीट.

४ डिसेंबर
खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवतात. इथे त्याला साक्ष म्हणतात. खांबाची उंची तीच खड्ड्याची खोली. रोज संध्याकाळी टेप मी लावते. मजुरी खोलीवर मिळते, म्हणून मुकादम कोंडाजी खांबावर हळूच ढेकळं रचून खोली वाढवतो. मी ती काठीने पाडली. माझा नवरा धर्माजीही खणायचंच काम करायचा, पण असली लबाडी त्याने कधी केली नाही. आज साडेचार फूट.

७ डिसेंबर
खड्डा सात फूट. खांब पाच फूट चार इंच. कोंडाजी म्हणतो, आमी नाय शिवलो त्याला, बाय. स्वतःचंच माप कमी करणारा लबाड मी पहिल्यांदा पाहिला. वर विचारतो, नारळ फोडू का? आमच्या घरचे देव छप्पन सालीच नदीत गेले. त्याला म्हटलं, खोबरं खायचं असेल तर कशेळ्याच्या बाजारात मिळतं.

९ डिसेंबर
खड्डा आठ फूट. खांब तेवढाच. डावी बाजू उतरलेली. ओझी वाहून धर्माजीचा डावा खांदा असाच झाला होता. उंचीही त्याची—
अडाणी माणसं घाबरतात. मी वाचणारी बाई आहे.

१० डिसेंबर
खांब मधोमध नाही. शिडीपासून बारा फूट होता, आज पाच. टेप दोनदा लावली.
खणणारा गडी नवशा काम सोडून पळाला. सहा वर्षांपूर्वी विहीर ढासळून धर्माजी गाडला गेला, तेव्हाही हाच पहिला पळाला होता. भित्रा.
आणि मी? विहीर ढासळल्याच्या दुसऱ्या दिवशी गडी म्हणाले, खालून ठोकल्यासारखं ऐकू येतंय. कड ढासळतच होती. मला विचारलं. मी म्हटलं, पुरे, बुजवा.

११ डिसेंबर, सकाळ
साहेबांची चिठ्ठी आली. मोजणी संपली, खांब फोडा. त्यांना लिहायला काय जातं. टिकाव कुणी उचलेना. कोंडाजी म्हणतो, बाय, तू सांग, बुजवून टाकू?
तोच प्रश्न. या वेळी नाही म्हटलं.

दुपार
मीच उतरले. गवंड्याच्या करणीने माती काढतेय. आतून ठोकतंय. डोक्यावरचं ढेकूळ सुटलं—
केस. माती कोरडी, केस ओले.
कोंडाजी वरून ओरडतोय, शिडीकडं ये गं. शिडी खांबामागे गेली आहे.
डावं मनगट त्याने धरलंय. उजवा हात मोकळा— कड सुटली— कमरेपर्यंत—
मी करणीने दगडावर ठोकतेय. वर ऐकू जातंय, मला माहीत आहे, त्यांना ऐकू—
कोंडाजी वर कुणाला तरी म्हणतोय, पुरे, बुज—