नवसाचा कोंबडा पाठवत नाही

कोलशेत,
१२ फेब्रुवारी २०२५

समृद्धीताई,

तुला नमस्कार, भावोजींना जरा जास्तच वाकून नमस्कार, आणि ऋतूच्या गालाचा एक पापा. आई बरी आहे. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंयस. कळव्याला यावं तर आमच्या आवारातल्या माणसाने कोंबड्या असलेल्या घरी जायचं नाही, अशी ताकीद आहे. म्हणून हे पत्र. शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय, हसू नकोस.

ऋतूच्या जावळाला माहेरचा कोंबडा देवीला द्यायचा, हा तुझा नवस मला ठाऊक आहे. भावोजी तो न्यायला आले आणि मी गेटवरच अडवलं, तेही तुला कळलंय. पण का अडवलं ते भावोजींनी सांगितलं नसेल.

आपल्याकडे कोंबड्यांवर मानमोडी आलेली, तो राणीखेत म्हणतात ना, तोच रोग. आधी दोन कोवळ्या तलंगा पंख पाडून कोपऱ्यात बसल्या. मग हिरवी-पांढरी हगवण, चोच उघडी टाकून श्वास. आईने काय केलं माहितीये? नेहमीचंच. चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या टोपलीत भरल्या, अर्ध्या तुला, अर्ध्या मावशीला. "रोग जाईस्तवर लेकीकडं ऱ्हातील."

तेवढ्यात ऐश्वर्या आली. तू तिला पाहिलेलं नाहीस. कोपरीची आहे, पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला, आपल्या नाक्यावरच्या गुरांच्या डॉक्टरांकडे शिकायला येते. आत यायच्या आधी तिने चपला धुतल्या. एक कोंबडी उचलून कानाशी धरली, तिचा श्वास ऐकला, आणि इतक्या अलगद खाली ठेवली की मला त्या कोंबडीचा हेवा वाटला. मग टोपलीकडे बघून म्हणाली, "मावशी, ही लेकीला भेट पाठवू नका. ह्यात चांगली दिसणारीही आजारी असेल."

आई कसली ऐकते! "मना नको शिकवू गो. मी कोंबऱ्या पालते तवा तुजा जल्म पन नव्हता."

"म्हणूनच तुम्हाला विचारते," ऐश्वर्या म्हणाली. "नवीन पक्षी कुठला आला घरात?"

आईने माझ्याकडे बघितलं. कारण नवसाचा कोंबडा मीच आणलेला, कल्याणच्या बाजारातून. भाच्याच्या जावळाला घरातला कसला मरतुकडा द्यायचा, म्हणून तांबडाभडक, तुरा बघावा असा निवडला आणि सरळ कळपात सोडला. रोग त्यानेच आणला की नाही ते नक्की सांगता येत नाही, असं ऐश्वर्या म्हणते. माझं मन ठेवायला म्हणते की खरंच, कळत नाही.

मग तिने घर हातात घेतलं. बर्ड फ्लू तर नाही ना, म्हणून आधी नमुना तपासायला पाठवला; निघाली मानमोडीच. ह्या रोगावर औषध नाही, हे आईच्या तोंडावर सांगितलं, खोटी आशा दाखवली नाही. आजारी वेगळ्या, खाडीकडच्या शेडमध्ये. दाणापाणी आधी चांगल्यांना, शेवटी आजाऱ्यांना, आणि तेही एकाच माणसाने. मेलेली खाडीत फेकायची नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. धडधाकट राहिल्या त्यांच्या डोळ्यात लशीचा थेंब. कुठलाही पक्षी आत नाही, बाहेर नाही. गेट माझ्याकडे. ताई, कॉलेज सोडल्यापासून मला पहिल्यांदा कोणी कामावर ठेवलं.

भावोजी आले ते त्याच गेटवर. "कोंबड्याला आता व्हिसा लागतो काय रे?" म्हणाले. मी हसलो, खरंच. तो कोंबडा तेव्हा ठणठणीत आरवत होता, त्यांना तरी कसं पटणार? मग जरा बोलाचाली झाली, स्कूटरची चावी गटारात पडली आणि ते रिक्षाने गेले.

चावी पडली नाही, ताई. मी फेकली.

आणि कोंबड्यासाठी नाही फेकली. ऐश्वर्या मागे शेडमध्ये होती. भावोजी तिच्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "कॉलेज सोडून ह्याने कोंबड्यांची नर्स पटवली वाटतं." माझं डोकं सटकलं. ती माझी कोणी नाही. मी तिला काही बोललेलो नाही, बोलायची हिंमतही नाही. पण तिच्याबद्दल असं कोणी बोललेलं मला ऐकवत नाही. तर आहे हे असं. आईलाही माहीत नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

तिने सगळं ऐकलेलं. मला वाटलं, निदान डोळ्यांनी तरी शाबासकी देईल. ती म्हणाली, "तुला गेटवर रोग अडवायला उभं केलेलं, हर्षित. तू माणसाचा अपमान केलास." आणि बाही वर करून गटारात चावी शोधायला लागली. मी शोधतो म्हटलं तर म्हणे, "तू गेट सोडू नकोस." चावी सापडली, धुऊन कपाटात ठेवलीय. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कोंबड्यांविषयी बोलते. मी पण कोंबड्यांविषयी खूप प्रश्न काढतो.

परवा त्या तांबड्या कोंबड्याची मान पाठीकडे पिळवटली आणि तो गेला. भावोजींनी नेला असता तर तुझ्या मागच्या दारी मेला असता, तुझ्या वीस कोंबड्यांत. आई रडली. आता ती स्वतः पाय धुतल्याशिवाय शेडमध्ये कोणाला सोडत नाही, मलाही नाही. आपल्या सात उरल्यात.

आईकडून कळलं, रविवारी जावळ उरकताय, आणि माझ्याऐवजी भावोजींच्या चुलतभावाचा मेव्हणा ऋतूला मांडीवर घेणार. ताई, थांबता येतं का बघ. ऐश्वर्या आवार मोकळं आहे म्हणाली की त्याच दिवशी मी येईन, आंघोळ करून, नव्या चपला घालून, सगळ्यांसमोर भावोजींची माफी मागेन. तिच्याबद्दलचा तो शब्द त्यांनी मागे घेतला तर बरं वाटेल. पण ती अट नाही.

आणि नाहीच थांबता आलं, तर बसवा त्याला दुसऱ्याच्या मांडीवर. मी भांडायला येणार नाही. फक्त एक कळव. तुझ्या कोंबड्या नीट दाणे टिपतायत ना?

गेट सोडता येत नाही म्हणून इथेच थांबलेला,
ऋतूचा मामा, तू अजून म्हणू देत असशील तर,
हर्षित