तीन हजार दोनशे वेढ्यांची किंमत

३ ऑक्टोबर २००७, बुधवार

ऐंशी हजार! दोन कानांच्या मशिनचे ऐंशी हजार! कान तपासणाऱ्या बाईंनी आकडा असा सांगितला की जणू कोथिंबिरीच्या जुडीचा भाव. मी म्हटलं, एकाच कानाला घेतलं तर? "चालेल काकू, पण दोन्हींना लावलं तर आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते कळतं. रस्त्यावर त्याचाच उपयोग." रतन शेजारी बसून छान हसत होता. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

(तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. वहीत रतन. इथं कोण बघायला येतंय!)

गेल्या महिन्यात बोपोडीच्या चौकात बस त्याच्या अंगावर येता येता राहिली. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून थकला आणि हा आपला रस्त्याच्या मधोमध पिशवी सांभाळत उभा. तेव्हापासून मी त्याला एकट्याला दुधालासुद्धा पाठवत नाही. त्याला ते लागतं. बोलत नाही, पण लागतं.

घरी येऊन मी आकडा कागदावर लिहून दाखवला. त्यानं चष्मा लावून वाचला. मग कॉटखाली बोट दाखवून म्हणाला, "तो विकू."

तो म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. विलायती, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. खडकीच्या कारखान्यातली ड्यूटी संपली की रतन गिटार घेऊन गायन पार्टीत जायचा. तीस वर्षं तो अँप्लिफायर गावोगाव वाजला. एप्रिल महिन्यात तर रोज एक गाव. कान तिथेच गेले. त्याच्या पुढ्यात उभं राहून.

निकिता म्हणाली, पप्पा, मी देते. पण पोरीचा वाघोलीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. रतन म्हणाला, "लेकीच्या पगाराचे कान नकोत मला." असा माणूस!

६ ऑक्टोबर, शनिवार

पोपट भंगारवाल्याला सहज विचारलं. त्यानं अँप्लिफायर उचलून पाहिला. "लय जड हाय ताई. तांबं धरून नऊशे देतो."

तांबं धरून! चहा ठेवणार होते, ठेवला नाही.

दुपारी कँपातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. मालकानं मान वर न करता सांगितलं, "सात हजार. आता लोक चायनाचे घेतात बाई, हलके असतात." आपल्याला बाई म्हटलेलं चालतं, पण मान वर करून म्हणावं.

७ ऑक्टोबर, रविवार

आज मी माझ्या पद्धतीनं हिशोब केला. चौऱ्याहत्तर साली कँपातल्या हॉटेलातला बँडवाला परदेशी निघाला होता. त्यानं हा अँप्लिफायर बावीसशेला विकला. रतनकडे कुठले बावीसशे! माझ्या पाटल्या मोडल्या, साडेचार तोळ्यांच्या. आज त्या पाटल्यांचे पंचेचाळीस हजार येतील. म्हणजे पंचेचाळीसच्या खाली बोलायचंच नाही.

आणि माझं काम? त्याचे किती धरायचे? पेन्सिल तिथेच थांबली.

१४ ऑक्टोबर, रविवार

निकितानं ऑफिसात विचारलं होतं. तिच्या टीममधली उत्कर्षा आज आली. ही गिटार वाजवते. बरोबर तिच्या बँडमधला शंभू. केस माझ्यापेक्षा लांब, चपला मात्र दाराबाहेर नीट जोडून काढल्या. जुन्या अँप्लिफायरचे जगभरातले भाव म्हणे याला पाठ आहेत.

शंभूनं मागची फळी काढली. बॅटरी लावून एक-एक भाग वाचला, आकडे वहीत उतरवले. मीटर लावलं. मग उत्कर्षानं गिटार जोडली आणि एकच सूर छेडला. छेडून सूर विरेपर्यंत तशीच बसून राहिली. रतननं हात अँप्लिफायरवर ठेवला होता. त्याला हातानं कळत होतं.

"फुल्ली ओरिजिनल आहे काकू," शंभू म्हणाला. "कुणी काही टच केलेलं नाही." मग त्यानं बॅटरी ट्रान्सफॉर्मरवर मारली. व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरपर्यंत पोचवतो तो. "सगळी मजा याच्यात आहे. असं वाइंडिंग आता जगात कुठं होत नाही. तिथल्या जुन्या कारागिरांची गोष्टच वेगळी होती, यार."

मी चहाचे कप गोळा करत होते. एक कप हातातून निसटलाच.

तिथला जुना कारागीर मी! मी आहे मी! बोपोडीच्या पत्र्याच्या खोलीत बसून, तारेचा वेढा वेढा मोजून मी भरलाय तो!

उत्कर्षा ऐंशी हजार देते म्हणाली. बरोबर ऐंशी. अठ्ठावीस तारखेला न्यायला येणार. ट्रान्सफॉर्मरचं मी सांगितलं नाही. रतन माझ्याकडे बघत होता.

१५ ऑक्टोबर, सोमवार

झोप नीट लागली नाही. आनंदानं! आज लिहूनच काढते.

एकोणऐंशी सालची गोष्ट. लोणी काळभोरला कार्यक्रम होता. स्पीकरची तार निघाली आणि रतननं तसाच चालू ठेवला. ट्रान्सफॉर्मर जळाला. कँपातला मेकॅनिक म्हणाला, इंग्लंडहून मागवा. इंग्लंडहून! आम्हाला रॉकेल मिळायची मारामार!

मी तेव्हा भोसरीला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होते. रोज दोनशे नग भरायचे. पण असा कधी पाहिला नव्हता. बारीक तारेचा थर, त्यावर जाड तारेचा, पुन्हा बारीक, मध्ये प्रत्येक थराला कागद. जळलेलं वेटोळं मी उलटं सोडत गेले. एक वेढा सोडायचा, एक मोजायचा. शंभर झाले की कागदावर एक रेघ. तार राखेसारखी तुटायची. बत्तीस रेघा झाल्या. तीन हजार दोनशे वेढे, केसाहून बारीक तारेचे.

तार बुधवार पेठेतून आणली. हातानं फिरवायचं मशीन कोपऱ्यावरच्या मोटार भरणाऱ्याकडून मागून घेतलं. पहिली पाळी तीनला सुटायची. चार ते सहा मी मशीनवर. अठरा दिवस. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, मोजणी चुकते. शेवटी त्याच लोखंडी पट्ट्या बसवल्या, तेच झाकण, वायरी मूळच्याच डाग देऊन जोडल्या. पहिल्यांदा लावला तर शिट्टी मारायला लागला! रतनचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आलं, कारण मला चूक कळली होती. दोन टोकं उलटी लागली होती. बदलली, आणि असा वाजला, असा वाजला! आधीपेक्षा चांगला, असं मी तेव्हाही म्हटलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली बाहेरून स्वस्त तयार माल यायला लागला. आमचं खातं बंद, हातात व्हीआरएसचा चेक. साहेब म्हणाले होते, "हाताचं काम आता कोण विचारतं?" साहेब, काल माझ्या घरी यायला हवं होतं. ऐंशी हजार!

१७ ऑक्टोबर, बुधवार

निकिताला फोनवर विचारलं, भरलेला आहे असं कळलं तर? ती उत्कर्षाशी बोलता बोलता काढून घेते म्हणाली. रात्री सांगितलं, "मम्मी, रिपेअर केलेला असला की व्हॅल्यू पडते. वीस-पंचवीस हजारांनी."

माझं काम म्हणजे खोट! हातातली कणीक तशीच टाकून बसले.

रतनला कागदावर लिहून दाखवलं. त्यानं खाली एकच शब्द लिहिला – "गप्प." वर मिशीत हसला.

मला माहीत आहे, न सांगणं म्हणजे फसवणूक. पण खरं सांगायचं तर मला फसवणुकीचं नंतर वाटलं. आधी वाटलं ते हे – तो अँप्लिफायर जाईल, ती पोरगी जन्मभर वाजवेल, आणि म्हणेल, काय ते इंग्लंडचे कारागीर!

पण ऐंशीचे पंचावन्न झाले तर एकच कान येतो. आणि चौकातली ती बस.

२१ ऑक्टोबर, रविवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारातून येताना नागोराव घरी आले. पार्टीचे गायक, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत. "जय भीम ललिताबाई! विकता म्हणे विलायती?" मग अँप्लिफायरला नमस्कार केल्यासारखा हात लावून म्हणाले, "याच्यामुळे आपली पार्टी एक नंबर होती. गोऱ्यांचं काम! जळाला तेव्हा रतननं मुंबईहून कुण्या साहेबाकडून दुरुस्त करून आणला, तो आजवर ठणठणीत!"

मुंबईहून. कुण्या साहेबाकडून.

मी रतनकडे बघितलं. बहिरेपणाचा एवढा उपयोग त्यानं आयुष्यात केला नसेल.

अठ्ठावीस वर्षं! दर चौदा एप्रिलला मी पुढच्या रांगेत बसायचे. मला वाटायचं, स्टेजवरच्या सगळ्यांना माहीत आहे. ताठ मानेनं बसायचे मी!

२२ ऑक्टोबर, सोमवार

आज रतनशी बोलणं बंद. त्याला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही!

२३ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटी मीच वही फेकली त्याच्यापुढे. का नाही सांगितलंस? असंच लिहिलं, अरे-तुरे करून. तो बोलून गेला, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. "विलायती अँप्लिफायर आहे म्हणून पार्टीची सुपारी पन्नास रुपये जास्त मिळायची! बायकोनं घरी भरलाय म्हटलं असतं तर कुणी दिले असते का?"

खरं आहे. दिले नसते. म्हणूनच जास्त राग आला.

२८ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

उत्कर्षा नोटांचं पाकीट पर्समधून काढत होती. मी म्हटलं, "थांब गं. तो ट्रान्सफॉर्मर ओरिजिनल नाही. मी भरलाय." शंभू हसला. त्याला वाटलं चेष्टा. मग मी सगळं सांगितलं, बत्तीस रेघा, कागद, उलटी टोकं, शिट्टी. त्याचं हसू कमी कमी होत गेलं. मागची फळी पुन्हा काढली, पुन्हा बॅटरी. काही सापडलं नाही. सापडणार कसं!

"काकू, मग... पंचवीस कमी होतील. माझा नियम नाही, मार्केटचा आहे."

"आवाज बदलला का?" मी विचारलं.

"नाही."

"मग काय बदललं?"

बिचारा पोनीटेल चाचपत बसला. उत्कर्षा म्हणाली, "शंभू, राहू दे ना, मी पूर्ण देते." मी म्हटलं, नको. दया म्हणून एक रुपया नको. बाजारभाव असेल तो दे. फक्त पावतीवर लिही.

तिनं लिहिलं. 'ट्रान्सफॉर्मर ललिता रतन ओव्हाळ यांनी पुण्यात भरला, सन १९७९.' खाली सही, तारीख. एक प्रत तिला, एक मला. पंचावन्न हजार मोजून घेतले. दोघं तो रिक्षात चढवत होते तेव्हा मी खिडकीत उभी राहून बघत होते. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही.

रतनला लिहून दाखवलं. पंचवीस हजार गेले, माझ्या तोंडामुळे. त्यानं पावती दोनदा वाचली. चष्मा काढला. "एका कानाचं घेऊ," म्हणाला. "रस्ता तुझा हात धरून ओलांडीन."

३ नोव्हेंबर, शनिवार

उजव्या कानाला लागलं मशीन. चाळीस हजार. घरी आल्याबरोबर कुकरच्या शिट्टीला दचकला! पंखा आवाज करतो म्हणाला. चार वर्षं करतोय, म्हटलं.

संध्याकाळी स्वतः फोन उचलला. नागोरावांना लावला. मी स्वयंपाकघरात होते. "नागोराव, तो मुंबईचा साहेब नव्हता हो. आमच्या हिनं भरला होता. हो, ललितानं. मी खोटं बोललो होतो. पार्टीतल्या सगळ्यांना सांगा." आता ऐकू येतं, तरी ओरडूनच बोलत होता. खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. जाऊ दे!

पण डाव्या बाजूनं हाक मारली तर अजून उजवीकडे बघतो. ते मला बोचतं. रोज बोचतं.

११ नोव्हेंबर, रविवार

शंभू आलाय. एकटाच, हातात कापडी पिशवी. पिशवीत तीन जळके ट्रान्सफॉर्मर. एक त्याचा, दोन मित्रांचे. "नवीन बसवून पाहिले काकू. उत्कर्षाच्या अँपसारखा आवाज येत नाही. तुम्ही भराल का?" मी म्हटलं, मी भरला की भाव पडतो ना? मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही काय घ्याल ते सांगा."

विचार करून सांगते म्हणून मी आत आले आणि वही उघडली. बाहेर तो रतनबरोबर चहा घेतोय. आकडा माझा केव्हाच ठरलाय, डाव्या कानाला कमी पडतात तेवढा. बसू दे त्याला जरा वेळ.