एक मिनिट बावन्न सेकंद

८ फेब्रुवारी, शनिवार

रोहिणीचा शेवटचा फोन – मंगळवार, २८ जानेवारी, संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं. अवधी १ मिनिट ५२ सेकंद. मी लॅबच्या दाराबाहेर उभी होते. आत मायक्रोमीटरची तपासणी अर्धवट, दुसऱ्या दिवशी ऑडिट. एरवी लॅबमध्ये आम्ही दोघी; ती तीन दिवस रजेवर होती, भाड्याच्या खोलीवरच. सर्दीचं काहीतरी बोलली. मी म्हणाले, "नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

त्याच रात्री तिने आत्महत्या केली. मी शब्द लिहिलाय. बाकी सगळे "असं झालं", "तो प्रकार" म्हणतात!

१० फेब्रुवारी, सोमवार

खोटं बोलले आहे. तेही इथे असायला हवं.

तिसऱ्या दिवशी चांदवडहून मीनामावशींचा, म्हणजे रोहिणीच्या आईचा, फोन आला. "उत्तरा, तू शेवटची बोलली तिच्याशी. काय म्हनली माझी पोर?" मला "नंतर बोलू" सांगता आलं नाही. म्हणाले, "रविवारी घरी यायचं म्हणत होती, मावशी. तुम्हाला भेटायला."

हे तोंडात कुठून आलं, माहीत नाही. मावशी रडायच्या थांबल्या. म्हणून मीही तिथेच थांबले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीत "मन मोकळं करा" सत्र. चौतीस स्लाइड, एक समोसा, अर्धा कप चहा. शेवटी फॉर्म – सत्र कसं वाटलं, एक ते पाच. मी तीन दिले. रोहिणी असती तर हात वर करून म्हणाली असती, "सर, ही मोजपट्टी कॅलिब्रेट केली आहे का? बरोबर मोजते ना?" आणि टेबलाखालून मला लाथ मारली असती.

हसू आलं. मग स्वतःचाच राग आला.

जेवणाच्या सुट्टीत तेच. "लग्नाचं काही होतं का गं?" "कुणी होता का?" मशीन बंद पडलं की कारणाच्या रकान्यात एक ओळ लागते, तशी यांना एक ओळ हवी आहे. कुठली देऊ? दिवाळीनंतर ती दोनदा म्हणाली होती, झोप लागत नाही. मी म्हणाले होते, मोबाइल लांब ठेव. केवढा मोठा सल्ला!

१६ फेब्रुवारी, रविवार

मावशींचा पुन्हा फोन. "रविवारी येनार होती ना ती? मंग त्या दिवशी मधीच असं काय झालं? कुनी काय बोललं तिला?"

रोहिणीच्या मामांना तिच्या घरमालकिणीचा, सुलाबाईंचा, संशय येतोय. सुलाबाई! रोहिणीला ताप आला की वरणभाताचं ताट घेऊन जिना चढायच्या. मामा पोलिसांत लेखी देणार आहेत. त्यांचं सगळं म्हणणं माझ्या एका वाक्यावर उभं आहे. येणार होती, मग बिघडलं कुठे?

आत्ताच सांगायचं होतं. "मावशी, जेवलात का?" एवढंच विचारलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संपदाने नोंदवहीत व्हाइटनर लावला. नवीन आहे, तरी मी ओरडले. चुकीचा आकडा पुसायचा नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आणि मोजल्या क्षणी लिहायचं. आठवून लिहिलेलं रीडिंग धरत नाहीत.

ती म्हणाली, "मॅडम, रोहिणी मॅडमनी पण हेच सांगितलं होतं. फक्त हसत."

रिपोर्टच्या "तपासणारे" या रकान्यात अजून तिचंच नाव छापलेलं येतं. टेम्प्लेट बदलायला कुणी तयार नाही. मीही नाही.

रविवारी चांदवडला जाते. माझ्या खोट्याचा आळ सुलाबाईंवर येऊ देणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले.

एसटीत वाक्यं पाठ केली होती. ओट्यावर मावशी आणि मामा, दोघंही होते. चहा यायच्या आधीच बोलले. "रविवारचं मी मनाचं सांगितलं. ती तसं काही म्हणाली नव्हती. सुलाबाईंचा काही संबंध नाही. मीच 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला."

मामा म्हणाले, "मंग इतके दिवस काय तोंडाला कुलूप होतं का तुझ्या?" बरोबर आहे.

मावशी शांत होत्या. "मला ठाऊक हे," म्हणाल्या. पोलिसांनी रोहिणीचा मोबाइल गुरुवारी परत दिला. त्यात प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो. हे मला माहीत नव्हतं! "लय वेळा ऐकलं. रविवारचं त्यात काय नाय. आज रात्री भावाला सांगनारच होते मी. पन पोरी, तू आता म्हनती तसंबी नाय ते."

मी म्हणाले, मी काय बोलले ते मला पक्कं माहीत आहे. आवाज चढवला – त्यांच्यावर! मुलगी गेलेल्या बाईवर!

"बरं बाई, तू लय हुशार. आता जेवून जा."

जेवले. निघताना मामा रस्त्यापर्यंत आले. "त्या बाईचं नाव नाय घेनार मी," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींनी रेकॉर्डिंग पाठवलंय. १ मिनिट ५२ सेकंद. ऐकलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ऐकलं नाही. आई म्हणते, "निदान जेवताना तरी तो मोबाइल उलटा ठेव." तिला वाटतं, मी कुणाच्या मेसेजची वाट बघतेय.

त्यात काय असणार? मला माहीत आहे काय आहे. मग बोट का पुढे जात नाही?

१ मार्च, शनिवार

लॅबच्या दाराबाहेर, त्याच जागी उभं राहून ऐकलं. दोनदा.

मी विचारते, "आवाज असा का येतोय? रडलीस का?" ती म्हणते, "छे गं, सर्दी." मी म्हणते, "येऊ का? अर्ध्या तासात निघते." ती म्हणते, "वेडी आहेस का? उद्या ऑडिट आहे. नंतर बोलू." हसते. फोन ती ठेवते.

आता तिचाच राग येतोय. खूप.

८ फेब्रुवारीची नोंद उघडली. "मी म्हणाले" वर एक रेघ. शेजारी – "ती म्हणाली". सही. तारीख.

खालचं वाचता येतंय.