नव्या पिकअपचे सहाशे चाळीस किलोमीटर

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार घ्यावा. तुमची कंबर, ताईचे गुडघे आणि तुमच्या गच्चीवरची गळकी टाकी या तिघांच्या तब्येतीला आता उतार पडला असेल असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर इकडे खुशाल कोणीच नाही. आजारीही कोणी नाही. नुसते बसून आहोत.

बातमी अशी की मी नवी पिकअप घेतली. (एवढ्यावर अभिनंदन करू नका, पुढचं वाचून मग ठरवा.) काचेच्या दुकानाला चौदा वर्षं भाड्याचा टेम्पो वापरला. त्या टेम्पोवाल्याला रस्त्यातला एकही खड्डा वगळलेला आवडत नसे. निघताना मी एक काच चढवायचो आणि पोचल्यावर गिऱ्हाइकाच्या दारात दोन उतरवायचो. वर तो म्हणायचा, काचच ती, तिला दुसरं काय येतं? म्हणून शेवटी स्वतःची गाडी घेतली. पांढरी आहे. मागच्या हौद्यात काचा उभ्या ठेवायला लोखंडाची तिरपी चौकट बसवून घेतली आहे. शोरूममध्ये दाराएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो काढतात. आमचा काढला. त्यात मी इस्पितळात कोणाची तरी ओळख पटवायला आल्यासारखा दिसतो, आणि शेजारी उभे असलेले आमचे तीर्थरूप, आप्पा, कॅमेऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या एसीकडे बघून हसताहेत, कारण आवाज तिकडून येत होता.

आप्पांच्या डोळ्यांचं ताईकडून तुमच्या कानावर आलंच असेल. काचबिंदू. (घरात धंदा काचेचा, हातांना चरे काचेचे, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतही शेवटी काचच निघावी, याला काय म्हणायचं?) डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. आप्पा म्हणतात, हल्लीचे बल्बच मंद असतात. तीन वर्षं मी बल्ब बदलतोय. त्यांची खोली आता ऑपरेशन थिएटरसारखी लखलखते, आणि मधोमध खुर्चीवर बसून ते विचारतात, लाइट गेलेत का रे?

तर गाडी. शोरूममधल्या टायवाल्या पोराने सांगितलं की पहिले हजार किलोमीटर जपायचं. पन्नासच्या वर न्यायची नाही, माल अर्धाच भरायचा, ब्रेक जोरात मारायचा नाही, एकाच वेगाने फार वेळ दामटायची नाही. या हजारात इंजिनला जे वळण लागतं ते जन्मभर टिकतं म्हणे. ऐकून मला फार वाईट वाटलं. इंजिनची एवढी काळजी घेणारं कोणीतरी असतं. मला पहिल्या दहा वर्षांत कोणी असं जपलं असतं तर आज मी वेगळा निघालो असतो. (ताईला हे वाचून दाखवू नका. मला कडेवर घेऊन तीच हिंडायची, आणि दोनदा पाडलंय.)

शोरूमच्या फाटकात गाडी सात वेळा बंद पडली. टेम्पोत मी नेहमी शेजारी बसलेलो, दुसऱ्याच्या क्लचवर टीका करायची सवय, स्वतःचा पाय कधी लावलेला नाही. परवाना आहे, पण तो तरुणपणी काढलेला. त्यावरच्या फोटोतला माणूस आता मलाही ओळखत नाही. अडतीस वर्षं मालट्रक चालवलेले आप्पा शेजारी गप्प बसले होते. सातव्यांदा बंद पडल्यावर म्हणाले, "उतर खाली. पाय बदलून ये."

त्यानंतर मी पंचवीस-तीसच्या, गर्दीत तर पायी माणसाच्या वेगाने शहरभर हिंडू लागलो. सायकली पुढे गेल्या. खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी बराच वेळ बरोबरीने चालत होता, तोही कंटाळून पुढे निघून गेला. एकदा मागून सारखा हॉर्न वाजायला लागला. आरशात पाहतो तर शववाहिका. तिचा चालक खिडकीतून ओरडला, "अहो, यांना पोचायचंय!" मी गाडी कडेला घेतली. बाजूने जाताना आतल्या नातेवाइकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना दाजी, त्यांचं स्वतःचं दुःख तेवढ्यापुरतं कमी झालेलं दिसलं.

चौथ्या दिवशी आपल्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली. मी पायरीवर बसून राहिलो, जेवलो नाही. बायको म्हणाली, बरं झालं, आता घरची वाटायला लागली. आप्पा आले, चाचपडत चाचपडत ओरखडा शोधून काढला आणि त्यावरून सावकाश बोट फिरवून म्हणाले, "एक वीत चार बोटं. पत्र्यापर्यंत गेलेला नाही." त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा तरतरी दिसली. माझं नुकसान झाल्यावर घरात कोणीतरी टवटवीत होतं, एवढाच त्या दिवसाचा फायदा.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज बरोबर यायला लागले. काठी गुडघ्यांत धरून, मान खाली घालून इंजिन ऐकायचे. दुसरा टाक. आता तिसरा. थांब, इतक्यात नको. अरे ती मागतेय, दे तिला! मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, दुकानाचा मालक, आणि डोळ्यांनी न दिसणारा माणूस मला समोर उतार आहे म्हणून सांगतोय. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत एकही काच फुटली नाही. एका केशकर्तनालयाचा पुरुषभर उंच आरसा आम्ही शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि तो जसाच्या तसा उतरला. भिंतीला लावल्यावर त्यात आम्ही दोघे दिसलो. दोघांच्या पाठी सारख्याच वाकलेल्या. आप्पांनी विचारलं, कसा दिसतोय? मी म्हटलं, सरळ बसलाय.

आता मागच्या आठवड्याचं सांगतो. सुट्टीचा दिवस होता. लाकडाच्या वखारीमागचं मोठं मैदान रिकामं असतं, तिथे मी गाडी मागे घ्यायचा सराव करायला गेलो होतो. मैदानाच्या मध्यावर आप्पा म्हणाले, "मला दे."

मी ब्रेक दाबला.

"आज उजेड बरा आहे," ते म्हणाले. (आभाळ पाटीसारखं काळं होतं.)

दाजी, नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. सहा वर्षांपूर्वी तुम्ही नाही म्हणालात ते सगळ्यांना आठवतंय. तुमची गाडी मागे घेताना आप्पांनी वाळत घातलेले कपडे दोरीसकट ओढून रस्त्यावर नेले, आणि तुम्ही सगळ्यांदेखत त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतलीत. "पुरे आता, तुमचे डोळे गेलेत." तुमचं चुकलं नव्हतं. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि मी मुलगा असून म्हटलं नव्हतं. पण आप्पा तडक एसटी स्टँडवर चालत गेले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून तुमचं नाव नाही. ताईचा फोन आला तरी दोन मिनिटांत माझ्याकडे देतात.

म्हणून मी जागा बदलली. त्यांनी सीट पुढे घेतली, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून क्षणभर थांबले, आणि गाडी अशी उचलली की मला कळलंच नाही कधी निघाली. मी डावीकडे, उजवीकडे सांगत होतो, तर म्हणाले, गप्प बस, ऐकू दे. भिंत जवळ आली की इंजिनाचा आवाज बदलतो म्हणे. मोठं वळण, लहान वळण, मग मागे. पंधराच्या वर गेले नाहीत. अकरा मिनिटं, दाजी. नवी गाडी त्या अकरा मिनिटांत जेवढी सुखात होती तेवढी माझ्या हातात कधी नव्हती.

मग मैदानाच्या मध्यभागी त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून बंद केली.

"मला काही दिसत नाही रे," ते म्हणाले. "काहीच नाही. तुझा चेहरासुद्धा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील." स्टेअरिंगवरून हात काढून म्हणाले, "जावयांना तेव्हाच कळलं होतं."

घरी येऊन त्यांनी खोलीतले सगळे बल्ब एकेक करून बंद केले. आज आठ दिवस झाले, आत बसून आहेत. ताट अर्धं परत येतं. गाडीत चला म्हटलं तर म्हणतात, आता तुला येते. मला येत नाही. परवा एकटा निघालो तर कोपऱ्यावर तीनदा बंद पडली. गाडी दारात उभी आहे, मीटरवर सहाशे चाळीस किलोमीटर. जुन्या टेम्पोवाल्याला पुन्हा बोलावलं. काल दोन काचा गेल्या. आज तर त्याने विचारलं, तुमचे वडील का येत नाहीत हल्ली?

असो. थोरांना नमस्कार, लहान तुमच्याकडे कोणी उरलेलं नाही, तेव्हा तो आशीर्वाद टाकीलाच द्यावा.

तुमचा,
काचवाला मेहुणा

ता. क. हजारला तीनशे साठ उरलेत. तुमचं घर एकशे ऐंशीवर, म्हणजे जाऊन-येऊन बरोबर. तेव्हा मुद्द्याचं लिहितो. तुम्ही आप्पांना फोन करा. मला नको, त्यांना. माफी मागू नका, चिडतील. डोळ्यांची चौकशीही नको. तुमच्या गाडीला कसलासा आवाज येतोय, एकाही मेकॅनिकला तो सापडत नाही, एवढंच म्हणा. येत नसेल तर एखादा नट ढिला करा. मी हे फोनवर सांगितलं असतं, पण त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू जातं.

ता. क. २. वरचं रद्द समजा. लिहिताना पुटपुटायची माझी सवय, आत्ता आतून आवाज आला, "जावयांना लिहितोयस ना? लिही, त्यांची गाडी दुसऱ्या गिअरला कुरकुरते. तेव्हाच सांगणार होतो, तेवढ्यात त्यांनी किल्ली घेतली. अजून तशीच चालवत असतील, त्यांना कळणार नाही." मी विचारलं, मग बघून येऊ या का? आता सुनेला विचारताहेत, माझे बूट कुठे ठेवलेस.

ता. क. ३. उद्या सकाळी निघतो. टपालाला चार दिवस लागतात, आम्हाला आमच्या वेगानेही एकच लागेल. म्हणून पत्र बरोबरच आणतो आणि फाटकात तुमच्या हातात देतो. तेव्हा ते खिशात टाका आणि आधी तुमच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात द्या.