दोन जुड्या, एक कढई

१६ फेब्रुवारी १९७५, रविवार. कुरुंदा.

हरामखोर! — हो, लिहिलं. वहीत तरी लिहू दे.

पंधरा दिवसांची सक्तीची रजा. हैदराबादच्या हापिसातल्या कॉम्प्युटरच्या त्या गार खोलीतून बाहेर काढलं आणि हातात मेमो दिला. मशीन वारंवार बंद पडतं त्याला तुमचं काम कारणीभूत दिसतं, तीन मार्चपर्यंत लेखी खुलासा करा, नाहीतर नोकरी संपली समजा. खाली साहेबांची झोकदार सही. आणि वर तोंडी — "मिस पद्मा, काही कामं सगळ्यांनाच झेपतात असं नाही." सगळ्यांना म्हणजे कोणाला, कुठल्या वस्तीतल्यांना, ते मला बरोबर कळतं. औरंगाबादला गणितात पहिली आले तेव्हाही कोणीतरी असंच हसून बोललं होतं.

घरी आई-आबांना सांगितलं, हळदीचे दिवस आहेत म्हणून मदतीला आले. आबा कढईवर हळद शिजवायच्या कामाला जातात. खूश झाले. खोटं बोलावं लागलं, त्याचाही राग साहेबांवरच.

१७ फेब्रुवारी

पोतं उघडलं. मशीन चालवणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमचे छापील कागद, चारशे! रामसिंगने भरून दिलेत. हा आमच्याकडे मशीन चालवतो. सेनगावकडच्या तांड्यातला, त्याचा नोकरीचा अर्ज मीच भरून दिला होता. काचीगुडा स्टेशनवर पोतं डब्यात चढवून म्हणाला, "ताई, येक ध्यानात ठिवा. टेप आन् छपाई संगं चालू असली का मंगच घोळ होतो. येकटं काम कितीबी चालवा, तकलीफ न्हाई."

घोळ असा. मशीनवर एका वेळी चार-पाच कामं चालतात: टेपच्या फितीवरची माहिती वाचणं, निकाल छापणं, असली. प्रत्येकाला मशीनच्या स्मृतीतला रिकामा खण शोधून द्यायचा, काम संपलं की परत घ्यायचा. आठ-दहा दिवसांतून एकदा दोन कामांना एकच खण जातो. मग एकाचं दुसऱ्यात! जानेवारीत शाळांच्या निकालाची चाचणी घेतली, तर एका मुलीचे गुण दुसरीच्या नावापुढे छापून आले. हुशार मुलगी नापास! जूनमध्ये खरे निकाल छापायचे आहेत.

खण शोधून द्यायचे बारा कागद माझे. बाकी तीनशे अठ्ठ्याऐंशी साहेबांचे. चूक त्यांच्यात आहे. काढतेच शोधून.

१९ फेब्रुवारी

साहेबांचे शंभर कागद झाले. चूक नाही. असलीच पाहिजे!

२१ फेब्रुवारी

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काहून येवडी चिडून राहिलीस गं? कागदासंगं भांडतंय का कुनी?"

मी खेकसले. ती पुढची भाकरी थापायला लागली. मग मला जेवण गेलं नाही. हा घासही साहेबांनीच तोंडातून काढला.

दुपारी शेजारची शालूबाई येऊन बसली. "पोरीच्या जातीनं येवडं वाचून डोळे फोडून घ्यायचे का?" मी म्हटलं, हो, फोडून घ्यायचे. तिला काही वाटलं नाही. पान खात बसली.

२३ फेब्रुवारी

दोनशे ऐंशी. साहेबांच्या दोन चुका सापडल्या! उड्या मारल्या. तासाभराने कळलं, किरकोळ आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. तरी लाल पेन्सिलीने मोठ्ठे गोल केले.

२५ फेब्रुवारी

आज कढईवर मारामारी झाली. म्हणजे होता होता राहिली.

वस्तीमागच्या माळावर गावाची मोठी कढई आहे. रीत अशी की कढई मोकळी दिसली, तर हळदीच्या पाल्याची जुडी कानाला बांधायची. जुडी ज्याची, त्याची पाळी. ग्यानोबाने सकाळी बघितलं, कढई मोकळी. जुडी आणायला शेतात गेला. तेवढ्यात अमृतरावने बघितलं, कढई मोकळी. तोही जुडी आणायला गेला. एकाने पूर्वेच्या कानाला बांधली, दुसऱ्याने पश्चिमेच्या. एवढ्या मोठ्या कढईचा पलीकडचा कान कोण बघतो? दोघांनी गाड्या भरून आणल्या आणि एकाच वेळी ओतल्या. बारीक हळद आणि जाड हळद, सगळी एकात! ही वेगळ्या वेळात शिजते, ती वेगळ्या. आबा मध्ये पडले, तर ग्यानोबा त्यांच्यावरच धावून आला. "तुमी हितं उभे व्हते ना? सांगता न्हाई आलं?" चुकणारे दोघे आणि शिव्या आबांना! मी पुढे झाले आणि ओरडले — बघितलं तेव्हा मोकळी होती, याला काय अर्थ आहे? तुम्ही बांधायला आलात तेव्हा पुन्हा बघितलंत का?

"म्या बघूनच तर गेल्तो!" दोघंही हेच म्हणाले. दोघंही खरं बोलत होते.

शालूबाई म्हणाली, "जुडी हातात घिऊनच यावं बघायला. बघायचं आन् बांधायचं, मदी घरी जायचं न्हाई. आमची सासू सांगायची."

 घरी पळाले.

२६ फेब्रुवारी

माझे बारा कागद. दहा दिवसांत मी ते उघडलेच नव्हते.

कागद सात. पायरी पहिली: खण रिकामा आहे का बघ. पायरी दुसरी: रिकामा असेल तर खूण कर. टेपच्या कामासाठी खण शोधताना या दोहोंच्या मध्ये छपाईची घंटी वाजली, तर मशीन हातातलं सोडून तिकडे धावतं. तिकडचं काम तोच खण बघतं — रिकामा! — आणि खूण करून घेतं. मशीन परत माझ्याकडे येतं. माझं काम पुन्हा बघत नाही. बघून झालंय ना! तेही खूण करतं. ग्यानोबा आणि अमृतराव.

साहेबांच्या जुन्या मसुद्यात या दोन पायऱ्यांच्या आधी 'घंटी बंद' होतं आणि नंतर 'घंटी चालू'. ते मी काढलं. गेल्या ऑगस्टात, या हातांनी. सेकंदाच्या लाखाव्या भागात कोण शिरणार आहे, असं वाटलं होतं. छपाई भरभर व्हायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि तपासलं म्हणून खाली सही ठोकली. न वाचता! पण लिहिलेलं माझं.

दुरुस्ती दोन ओळींची. पाच मिनिटांत लिहिली. मग रडले. रागाने. आता हा राग कोणावर काढू?

२७ फेब्रुवारी

हापिसाचं पत्र आलं. मी निर्दोष! चौकशी समितीला वेगळंच कारण सापडलं. टेप आणि छपाई एकत्र चालू असतानाच बिघाड होतो, असं ऑपरेटरने स्वतःच सांगितलं; म्हणजे टेप हाताळण्यात त्याची हयगय. रामसिंगला निलंबित केलं. मी तीन तारखेला हजर व्हावं.

त्याने मला मदत म्हणून सांगितलेली गोष्ट त्यांनाही सांगितली. भाबडेपणाने. तीच त्याच्या गळ्यात बांधली! माझ्या वेळी "झेपत नाही", त्याच्या वेळी "हयगय". यांच्याकडे शब्द तयारच असतात, फक्त माणूस शोधायचा.

आणि मी? मी गुपचूप जाऊन त्या दोन ओळी घालू शकते. कोणाला कळणार नाही. मशीन सुधारेल, आणि सगळे म्हणतील, रामसिंग गेला म्हणून सुधारलं.

खरं सांगितलं तर साहेब हसून म्हणतील, बघा, मी म्हटलंच होतं. ते हसू मला आत्ताच दिसतंय. ते हसू टाळण्यासाठी रामसिंगचा बळी द्यायचा? चूक माझी आहे, माझ्या जातीची नाही. पण हे तिथे कोण ऐकून घेणार!

२८ फेब्रुवारी

आबांना सगळं सांगितलं. मेमोपासून. त्यांनी विळ्याला धार लावून तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्या तांड्यातल्या लेकराला घरी कोन कोन हाये?"

मी म्हटलं, माहीत नाही. तीन वर्षांत कधी विचारलंच नाही.

१ मार्च

सकाळच्या गाडीने वसमतला गेले. साहेबांना तार केली: चूक माझी. कागद सात. रामसिंग निर्दोष. दुरुस्ती पोस्टाने.

तशीच दुसरी तार रामसिंगला, आणि तिसरी समितीला. साहेब एकटे दाबून टाकतील म्हणून.

नोकरी आहे का गेली, ते आता तिथे जाऊन बघेन.