खडकाला हात लावू नये

७ जानेवारी २०१९, सोमवार

उणे एकतीस! गाडी तीनदा कण्हली, मग सुरू झाली. ऑफिसात पोचते तर टेबलावर गार्थची चिठ्ठी – ‘ओदील, या पोरीला एक सभ्य नकार लिहून टाक. तुझी भाषा गोड असते.’ हा आमचा, विद्यापीठाच्या इमारत खात्याचा साहेब. गोड भाषेची कामं सगळी माझ्याकडे.

अर्ज नोएमी त्रेपानिए नावाच्या मुलीचा. पहिलं वर्ष, भूगोल. चाकाच्या खुर्चीत असते. लिहिते – ग्रंथालयाच्या वरच्या दालनात मला जाता येत नाही, खडकाजवळच्या सात पायऱ्या आडव्या येतात. पुस्तकं खाली आणून देतात, पण वर्गातली सगळी मुलं वर बसतात आणि मी खाली, ओले बूट वाळत घालतात तिथे.

ग्रंथालय एका मोठ्या खडकाला धरून बांधलंय, पायऱ्या त्यालाच वळसा घालतात. नकार सोपा आहे. कारण तयारच आहे: ‘खडक ठिसूळ असून आत पाण्याची शीर आहे. हात लावल्यास पूर्वेची भिंत धोक्यात येईल. हात लावू नये.’ पायऱ्यांशेजारी लिफ्ट बसवावी तर जागा नाही. खडक त्या बोळात पोटासारखा पुढे आलाय.

दोन ओळी लिहिल्या. मग पेन खाली ठेवलं. हे तपासलं कुणी? कधी?

९ जानेवारी

आज दिवसभर तळघरात, नकाशांच्या कपाटांत. जेवण विसरले!

खडकाबद्दलचे पाच अहवाल सापडले. पाचही जणांनी तेच वाक्य लिहिलंय. तेच म्हणजे अगदी तेच – ‘शीर’ऐवजी ‘शिर’, ही चूकसुद्धा पाचही ठिकाणी! एकानेही छिद्र पाडून पाहिलेलं नाही. प्रत्येकानं मागच्याचं उतरवून काढलं.

शेवटचा अहवाल २००३चा. खाली सही – ओ. शार्लबवा.

म्हणजे मी.

१० जानेवारी

झोप नीट लागली नाही. उतरवताना ती चूक तरी दिसायला हवी होती.

१५ जानेवारी

गंमतच! एप्रिल १९६४च्या नकाशात पायऱ्या नाहीत. बोळ सपाट, सरळ दालनात जातो. खडकावर लाल पेन्सिलीची फुली आणि शेजारी ‘उडवणे’. ऑगस्टच्या नकाशात मात्र खडक तिथेच आणि त्याला वळसा घालून सात पायऱ्या.

आणि आपण येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगतो? वास्तुविशारद या हजारो वर्षांच्या खडकापुढे नम्र झाला. त्याला त्याबद्दल पदकसुद्धा मिळालं. माहितीपत्रक मीच लिहिलंय – ‘नम्र झाला’ हे शब्दही माझेच. आणि हा गृहस्थ एप्रिलमध्ये खडक उडवायला निघाला होता!

मग मे ते जुलै काय झालं?

संध्याकाळी ते मूळ वाक्य सापडलं. गुलाबी कागदाचा अर्धा तुकडा, पेन्सिलीनं लिहिलेला. १२ जून १९६४. सही: टी. लेहतिमाकी, सुरुंगाचं काम. ‘शिर’सुद्धा त्याचंच.

गार्थला दाखवलं. म्हणाला, “तो गेला असेल गं बिचारा केव्हाच. तू नकार लिहिलास का?”

टेलिफोनच्या पुस्तकात बघितलं. टी. लेहतिमाकी, टिमिन्स गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एकच आहे.

२६ जानेवारी, शनिवार

जाऊन आले. सगळं लिहून काढते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

टॉइवो लेहतिमाकी. वय एकोणऐंशी. दारात बर्फ इतकं नीट कापून रचलेलं की वाटावं विटाच. मी सत्तावन्न वर्षांची, पण मला पहिल्यापासून ‘पोरी’. “ये पोरी, बूट काढ. कॉफी घे. विद्यापीठाची का? मला आता काही शिकायचं नाही हं!” वेलदोड्याचा गोड पाव कापून पुढे ठेवला. ताजा होता.

मी गुलाबी कागद काढला. त्यानं चष्मा लावून वाचला, आणि हसायलाच लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

“हे अजून आहे? अरे देवा!”

मी विचारलं, “खडकात पाणी होतं का?”

“कसलं पाणी! त्या खडकासारखा धड खडक मी दुसरा बघितला नाही. आदल्या आठवड्यात पायथ्याशीच ड्रिलची तीन टोकं मोडली होती.”

“मग हे असं का लिहिलंत?”

त्यानं आधी माझा कप भरला. मग सांगितलं. त्या दिवशी सकाळी खडकावर छिद्रं पाडायला चढला, तर पायाजवळून एक रातवा, तो रात्री उडणारा पक्षी, उडाला. उडाला म्हणजे काय – पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत चालली पक्षीण, त्याला लांब न्यायला. त्यानं खाली वाकून पाहिलं. उघड्या दगडावर दोन अंडी. घरटं नाही, काडी नाही, काही नाही. रंगही दगडाचाच. “अजून एक पाऊल टाकलं असतं ना, तर बुटाखालीच.”

मुकादमाला सांगितलं असतं तर त्यानं अंड्यांचं ऑम्लेट कर म्हटलं असतं. म्हणून यानं सांगितलं – पाणी लागलंय, भिंत जाईल. चोवीस वर्षांचा होता. “मला वाटलं, तीन आठवडे मिळतील. पिल्लं उडाली की म्हणेन, वाळला खडक, चला! पण जुलैत पिल्लं उडाली, सांगायला गेलो तर वास्तुविशारद साहेबांनी नकाशाच बदललेला. पुढे त्यांना पदक मिळालं. भाषणात म्हणाले, खडक माझ्याशी बोलला. मी मागच्या रांगेत. माझ्या बायकोनं मला असा चिमटा काढला!”

दोघंही खूप हसलो. मग मी नोएमीचं सांगितलं.

हसणं थांबलं. कप खाली ठेवला त्यानं.

“किती वर्षांची आहे?”

“एकोणीस.”

“तिच्याआधी कितीजण असतील?”

मला माहीत नव्हतं. कुणी मोजलेलेच नाहीत. जे वर जाऊ शकले नाहीत त्यांची नोंद कुठे असणार?

“मी तीन आठवड्यांसाठी खोटं बोललो होतो,” तो म्हणाला. “पंचावन्न वर्षांसाठी नाही.”

मग स्वतःच उठला, कागद आणला आणि सावकाश लिहिलं: ‘१९६४ साली मी खोटं लिहिलं. खडक धड आहे. त्यात पाणी नाही.’ सही केली. माझ्याकडे ढकलत म्हणाला, “स्पेलिंग बघून घे. तेव्हा पण मला येत नव्हतं.”

२ फेब्रुवारी

कागद खणात आहे. आठवडा झाला. गार्थला दिलेला नाही.

का? इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला तो खडक आवडतो. आईच्या आजारपणात दुपारी त्याला पाठ टेकून बसायची मी – उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात बॉयलरच्या नळानं कोमट. तो कापलेला मला बघवणार नाही.

५ फेब्रुवारी

ग्रंथालयात गेले होते. नोएमी तिथेच – ओल्या बुटांच्या रांगेशेजारी, मांडीवर नकाशांचं भलं मोठं पुस्तक. माझी ओळख सांगितली. म्हणाली, “नकार घेऊन आलात ना? द्या, सवय आहे. इथे नकार फार छान कागदावर देतात.”

लाजले. तिला टॉइवोची गोष्ट सांगितली, रातव्यासकट. ऐकताना तोंड उघडंच राहिलं तिचं. मग पहिला प्रश्न काय? “पिल्लं उडाली का?”

उडाली म्हटलं.

“मग बरंय,” म्हणाली. “मीपण तेच केलं असतं. पण आता उडालीत ना ती?”

परत येऊन कागद गार्थच्या टेबलावर ठेवला. सोबत २००३च्या अहवालाबद्दल माझी चूकही लिहून दिली.

२६ फेब्रुवारी

बैठक. तीन तास! गार्थ आधीच म्हणाला होता, “खडक कापला तर माजी विद्यार्थी मला कापतील.” आलेच तसे. एका गृहस्थांनी त्या खडकापुढे लग्न केलंय. एक बाई मला म्हणाल्या, “तुम्ही स्वतः माहितीपत्रकात काय लिहिलंत ते विसरलात?” विसरले नाही. उभी राहून सांगितलं, ते चुकीचं आहे आणि मी लिहिलंय.

नोएमी दोनच वाक्यं बोलली. “मला खडकाचं काही वाईट करायचं नाही. मला फक्त आत यायचंय.”

टॉइवो कोट-टाय घालून आला होता. उभा राहिला, घसा खाकरला. “ते खोटं माझं आहे. या मुलीनं का भोगायचं?” लगेच बसला.

ठरलं – आधी छिद्र पाडून तपासायचं.

३० एप्रिल

तपासलं. कोरडा ठणठणीत.

१६ जुलै

सुरुंग नाही, आता तारेची करवत असते. पाणी सोडत सोडत कापते. दिवसभर गुलाबी चिखल वाहत होता. मी जाणारच नव्हते. सकाळी आठ वाजता तिथेच होते! खडकातून पाच फुटी उताराची वाट निघतेय. दोन्ही बाजूंना खडक तसाच राहणार. आणि आतून? बाहेरून राखाडी, आतून गुलाबी-काळे पट्टे, लाटांसारखे. एवढी वर्षं पाठ टेकून बसले – हे आत होतं, आणि मला पत्ता नाही.

टॉइवोनं कापलेल्या बाजूवरून हात फिरवला. “म्हटलं नव्हतं? धड आहे.”

२४ सप्टेंबर, मंगळवार

नोएमी आज पहिल्यांदा दालनात गेली. उतार एकटीनं चढली, कुणाला हात लावू दिला नाही. गार्थनं टाळ्या वाजवल्या, मुलं उभी राहिली. ती थेट मोठ्या खिडक्यांशी गेली. थांबली. मागे वळून म्हणाली, “सगळे सांगतात इथून तळं दिसतं. कुठंय?”

मी म्हटलं, समोरच तर आहे! ती म्हणाली, “बसून बघा.”

शेजारची खुर्ची ओढून बसले. नाकासमोर खिडकीखालचा काँक्रीटचा कट्टा, त्याच्या वर आभाळ. बस. एकतीस वर्षं या खोलीत येतेय – कागद द्यायचे, उभ्या उभ्या तळं बघायचं, निघायचं. बसले कधीच नव्हते.

खाली जाऊन मोजायची टेप आणली. दुसरं टोक नोएमीनं धरलं. कट्टा जमिनीपासून चार फूट पाच इंच.